रॉकी पर्वतातला सप्टेंबर (लेखांक ५) : मचाणाची जागा वारा ठरवतो

गेल्या आठवड्यात आपण एल्क हरणाच्या माजाच्या खुणा पाहिल्या : शिंगांनी सोललेली झाडे, शिट्टीसारखी उंच चढणारी नराची साद आणि उग्र वासाची चिखलाची डबकी. या डबक्यात नर मूत्र सोडतो, लोळतो आणि तोच वास अंगावर घेऊन माद्यांकडे जातो. कोलोरॅडोत धनुष्यबाणाने शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरात, ऐन माजाच्या दिवसांत असतो. परवानाधारक शिकारी तेव्हा अशा डबक्यालगत मचाण बांधतात. पण कोणत्या बाजूला?

माजावरचा नर बेभान वाटला तरी त्याचे नाक जागे असते. झाडावरच्या माणसाकडे त्याचे लक्ष जाणार नाही कदाचित, पण वास आला की तो क्षणात पसार होतो. म्हणून झाड निवडण्याआधी हवा कोणत्या वाटेने वाहते ते पाहावे. बारीक भुकटी चिमूटभर उडवली की ती वाट दिसते.

डोंगरउतारावरची हवा रोज दिशा बदलते. ऊन चढले की तापलेली हवा वर सरकते. ऊन कलले की थंड, जड हवा पाण्यासारखी दरीकडे ओघळते. त्यामुळे दुपारच्या बैठकीचे मचाण डबक्याच्या वरच्या अंगाला, जरा बाजूला असावे. आपला वास माथ्याकडे निघून जातो. संध्याकाळी त्याच झाडावर बसलात, तर तो थेट डबक्यावर उतरेल. त्या वेळेसाठी खालच्या अंगाचे दुसरे झाड हवे. मधल्या काळात हवा घुटमळते, तेव्हा तिथून दूर जावे. उत्तरेकडच्या दाट झाडीत सावली आधी पडते, म्हणून हा बदलही लवकर होतो.

नर बऱ्याचदा वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घेऊन, हुंगत येतो. आपला वास गाठण्यापूर्वी तो बाणाच्या टप्प्यात यावा, अशी जागा साधायची. अंतर वीस-तीस मीटर, उंची पंधरा-वीस फूट पुरे. सुरक्षापट्टा जमिनीवरच अंगावर चढवून झाडाला जोडावा. धनुष्य नंतर दोरीने वर ओढावे.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे मचाण उरले नाही. पण बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या जंगलात पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसणाऱ्यांनाही हवेचा हाच हिशेब उपयोगी पडतो.

वारा उलटा असेल, तर त्या दिवशी मचाणावर चढूच नये. बिचकलेला कळप ती जागा सोडू शकतो, आणि सावध झालेल्या जनावरावर घाईने सोडलेला बाण त्याला नुसते जखमी करून पळवतो. नीट मारता येणार नसेल तर बाण न सोडणे, हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

पुढील भागात : नराच्या सादेला उत्तर कधी द्यावे आणि गप्प कधी राहावे.