आर-टूआर शिडी परिपथ

आर-टूआर शिडी हा 'आर' आणि त्याच्या दुप्पट 'टूआर' अशा दोनच मूल्यांच्या रोधकांपासून बनविलेला विद्युत परिपथ आहे. द्विमान पद्धतीतील संख्येचे तिच्या प्रमाणातील विभवात रूपांतर करण्यासाठी, म्हणजेच डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तक म्हणून, त्याचा उपयोग होतो. रोधक एकामागून एक शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे जोडलेले असल्यामुळे त्यास हे नाव मिळाले. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात 'डिजिटल टेक्निक्स' या विषयात भारित रोधक परिपथासोबत हा परिपथ शिकविला जातो.

पार्श्वभूमी

संगणकातील संख्या शून्य व एक या दोन अवस्थांत साठविलेली असते. ध्वनिवर्धकाला मात्र सलग बदलणारा विभव लागतो. दोहोंना जोडण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे भारित रोधक परिपथ. त्यात प्रत्येक बिटाला त्याच्या वजनानुसार वेगळा रोधक असतो. सर्वाधिक वजनाच्या बिटाला १० किलोओहम दिला, तर पुढील बिटांना २०, ४०, ८० असे दुप्पट होत जाणारे रोधक लागतात आणि आठव्या बिटाशी हे मूल्य १,२८० किलोओहमवर पोहोचते.

कागदावर ही रचना सुबक दिसते, पण प्रत्यक्षात ती चार-पाच बिटांपलीकडे टिकत नाही. ४० आणि ८० किलोओहमचे रोधक चोवीस मूल्यांच्या प्रमाणित मालिकेत नाहीतच. शिवाय आठ बिटांच्या परिपथात सर्वांत मोठ्या बिटाची विद्युतधारा १२८ एकके धरली आणि तिच्यात एक टक्का घट झाली, तर ती १२६.७२ एकके होते. उरलेल्या सात बिटांची बेरीज १२७ असते. परिणामी संख्या १२७ वरून १२८ वर गेली की निर्गत विभव वाढण्याऐवजी घटतो. इतक्या भिन्न मूल्यांचे रोधक तापमानानुसार सारख्या प्रमाणात बदलतील याचीही खात्री नसते.

कार्यपद्धती

शिडीच्या टोकाला, सर्वांत कमी वजनाच्या बिटाशी, 'टूआर' मूल्याचा एक रोधक भूसंपर्कित केलेला असतो. त्या बिटाचा स्वतःचा 'टूआर' रोधक त्याच्याशी समांतर येतो. दोहोंचा परिणामी रोध 'आर' होतो; त्यात पुढील 'आर' एकसर जोडणीने मिळून पुन्हा 'टूआर' होतो. हाच क्रम प्रत्येक पायरीवर चालतो. म्हणून कोणत्याही पायरीवरून मागे पाहिले असता रोध 'टूआर' एवढाच दिसतो आणि मागून येणारा विभव तेथे बरोबर निम्मा होतो. थेवेनिन यांच्या १८८३ सालच्या सिद्धांताने हे काही ओळींत सिद्ध करता येते. निर्गत विभव म्हणजे संदर्भ विभव गुणिले संख्या, भागिले दोनाचा बिटसंख्येइतका घात. संदर्भ विभव ५ व्होल्ट आणि चार बिटांची संख्या १०१० (दशमान दहा) असेल, तर निर्गत विभव ३.१२५ व्होल्ट येतो.

आठ बिटांना सोळा रोधक पुरतात. संख्या कोणतीही असली, तरी परिपथाचा निर्गत रोध 'आर' एवढाच राहतो, हा या रचनेचा मोठा गुण होय.

रोधकांची निवड

येथे रोधकाच्या मूल्यापेक्षा दोन मूल्यांमधील गुणोत्तर महत्त्वाचे असते. सर्व रोधक दोन टक्क्यांनी जास्त असले, तरी भाराविना निर्गत विभवात फरक पडत नाही. एकच रोधक जास्त असला तर पडतो. २० किलोओहम हाताशी नसल्यास त्याऐवजी सहज मिळणारा २२ किलोओहम लावण्याचा मोह होतो. चार बिटांच्या प्रयोगात तो खपूनही जातो: सात ते आठ या मधल्या टप्प्यावर ०.३१ व्होल्टऐवजी सुमारे ०.१८ व्होल्टची वाढ मिळते, आलेख चढताच राहतो आणि दोष लक्षात येत नाही. तोच परिपथ आठ बिटांपर्यंत वाढविला, की १२७ वरून १२८ वर जाताना विभव ०.०२ व्होल्टने वाढण्याऐवजी सुमारे ०.१३ व्होल्टने खाली येतो. ध्वनीसाठी वापरल्यास हा दोष खरखरीच्या रूपाने ऐकू येतो.

यावरील उपाय स्वस्त आहे. प्रत्येक 'टूआर'च्या जागी १० किलोओहमचे दोन रोधक एकसर जोडावेत. आठ बिटांना असे एकाच मूल्याचे पंचवीस रोधक लागतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रोधक पट्टीने मिळतात. एकाच पट्टीतील रोधक परस्परांशी बरेच जुळणारे असतात. तरीही शिडीमुळे अचूकतेची अट सैल होते असे समजू नये. वरच्या एक-दोन बिटांचे रोधक मीटरने मोजून निवडणे इष्ट. खालच्या बिटांसाठी तेवढा काटेकोरपणा अनावश्यक आहे.

'आर'चे मूल्य ठरविताना दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला स्वतःचा काही दशक ओहम रोध असतो व तो 'टूआर'मध्ये मिळतो. तो ३० ओहम मानल्यास २० किलोओहममध्ये ०.१५ टक्के, तर २ किलोओहममध्ये १.५ टक्के चूक होते. उलट 'आर' फार मोठा ठेवला, तर परिपथ मंदावतो. १० किलोओहम आणि २० पिकोफॅरड धारिता असताना आठ बिटांच्या अचूकतेपर्यंत स्थिरावण्यास सुमारे सव्वा मायक्रोसेकंद लागतो. १०० किलोओहम घेतल्यास तोच काळ दहापट होतो. हौशी बांधणीत १० किलोओहम बहुधा योग्य ठरतो. निर्गत टोकाला तेवढ्याच रोधाचे उपकरण थेट जोडल्यास विभव निम्मा होतो, म्हणून मध्ये ऑप-अ‍ॅम्पचा बफर लावतात.

एकात्मिक परिपथांतील वापर

एकाच चकतीवर तयार केलेले रोधक परस्परांशी उत्तम जुळतात, त्यामुळे ही रचना एकात्मिक परिपथांत विशेष रुजली. ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीचा १९७४ मधील एडी७५२० हा दहा बिटांचा सीमॉस परिवर्तक याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यात शिडी उलटी वापरली जाते: प्रत्येक बिटाची विद्युतधारा कळीद्वारे भूसंपर्काकडे किंवा ऑप-अ‍ॅम्पकडे वळविली जाते, म्हणून संदर्भ स्रोतावरील भार संख्येनुसार बदलत नाही. वर उल्लेखिलेल्या अभ्यासक्रमातील डॅक०८०८ या आठ बिटांच्या परिवर्तकातही अशीच शिडी असते. त्याची कमाल सापेक्ष चूक ०.१९ टक्के, म्हणजे सुमारे अर्ध्या पायरीएवढी सांगितलेली आहे.