पाय्यांचा रस्सा आणि खाता येणारे वेष्टन

थंडीत रात्रीचा पाय्यांचा रस्सा सकाळी पातेल्यात थिजलेला असतो. चमचा लावला की थरथरतो. ते जिलेटिन. हाडे, कातडी आणि शिरा यांतले कोलॅजन बराच वेळ शिजले की त्याचे जिलेटिन होते. त्याचाच पातळ पापुद्रा करून त्यात खाऊ गुंडाळायचा आणि वेष्टनासकट खायचा, म्हणजे प्लास्टिकचा कचरा नको, अशी खटपट अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. औषधाच्या कॅप्सूलचे कवच हे त्याचे जुने रूप.

माणदेश हा शेळ्यामेंढ्यांचा मुलूख. दहिवडीला महामंडळाचे शेळी-मेंढी प्रक्षेत्रही आहे. कुर्बानीच्या कातड्यांना मात्र हल्ली फारसा भाव येत नाही. म्हणून आम्हाला या विषयात रस वाटला.

अडचण अशी की नुसते जिलेटिन वाळले की काचेसारखे होते आणि वाकवले की तडकते. त्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. त्यांच्यामध्ये शिरून पकड सैल करणाऱ्या पदार्थाला प्लास्टिसायझर म्हणतात. खाण्यात बहुधा ग्लिसरिन किंवा सॉर्बिटॉल वापरतात. ग्लिसरिन वाढवले की पापुद्रा जास्त ताणला जातो, पण तोडायला लागणारा जोर कमी होतो. शिवाय ग्लिसरिन हवेतले पाणी ओढते. सॉर्बिटॉल तितके ओढत नाही, पण पापुद्रा जरा ताठ राहतो.

म्हणून हवामान महत्त्वाचे. माणच्या कोरड्या उन्हाळ्यात कमी ग्लिसरिनचा पापुद्रा तडकेल. तोच जास्त ग्लिसरिन घालून मऊ केला, तर पावसाळ्यात रत्नागिरीला बोटांना चिकटेल. एकच माप सगळीकडे चालणार नाही.

आता आपला खरा प्रश्न, हलालचा. जिलेटिन डुकराचे असू शकते, गुरांचे असू शकते, माशांचेही असते. डुकराचे हराम. जबीहा न झालेल्या जनावराचे जिलेटिन प्रक्रियेने पूर्ण बदलले म्हणून चालते का, यावर उलेमांत मतभेद आहेत. माशाच्या जिलेटिनबद्दल हा वाद नाही, पण ते कमी तापमानातच वितळते.

ग्लिसरिनकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. तेही चरबीपासून निघते, कधी वनस्पतीच्या तेलापासून, कधी जनावराच्या चरबीपासून. पाकिटावर जिलेटिनचा क्रमांक ४२८, ग्लिसरिनचा ४२२ आणि सॉर्बिटॉलचा ४२०. हिरवा ठिपका असेल तर दूध, मध असे काही पदार्थ सोडले तर त्यात जनावराचे काही नसते, म्हणजे जिलेटिन नाही आणि जनावराच्या चरबीचे ग्लिसरिनही नाही. (अल्कोहोलबद्दल तो ठिपका काही सांगत नाही.) तपकिरी त्रिकोण असेल तर जनावर कोणते, ते कंपनीला विचारावेच लागते.

माणच्या बकऱ्यांच्या कातडीतून हलाल जिलेटिन निघू शकेल. त्यासाठी जबीहाची कातडी गोळा करण्यापासून कारखान्याच्या टाकीपर्यंत वेगळी ठेवावी लागेल, कारण टाकीत मिसळल्यावर कोणते जिलेटिन कुणाचे, हे सांगता येत नाही.