लिंटल विकायचंय? आधी त्यावर ‘वर’ लिहा



लोणी भापकरला गेलात तर मल्लिकार्जुन मंदिराचे दगडी खांब जरूर बघा. जुन्या दगडी मंदिरांत खांब जवळजवळ का असतात? आडवा दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. अंतर वाढलं की तो खालून तडकतो. आज आपण दार-खिडकीवर काँक्रीटचं लिंटल टाकतो आणि ओढ घेण्याचं काम सळईला देतो. म्हणून मुख्य सळई खालच्या बाजूला असते.

आता धंद्याचं बोलू. साईटवर प्रत्येक लिंटलला फळ्या ठोका, भरा, थांबा. यात गवंड्याचे दिवस जातात. तयार लिंटल मिळालं तर काम पुढं सरकतं. साचे, मोकळी जागा आणि पाणी असेल तर गावातही हे जमतं. पण आधी तीन गोष्टी समजून घ्या.

1. वजन : दार 3 फुटी, दोन्ही बाजूंना भिंतीवर 6-6 इंच टेकू, म्हणजे लांबी 4 फूट. 6 इंच उंचीचं लिंटल 9 इंची भिंतीसाठी सुमारे 106 किलो भरतं, 4 इंची भिंतीसाठी 47 किलो. हे दोघं उचलतात. सुरुवात इथून करा.

2. वेळ : किमान 7 ते 10 दिवस पाणी मारायचं, ठरलेली ताकद 28 दिवसांनी धरायची. रोज 10 नग भरले तर पहिला नग विकेपर्यंत 280 नग पडून. हे अडकलेलं भांडवल किमतीत धरा.

3. दिशा : नग उलटा बसला तर सळई वर जाते आणि खाली नुसतं काँक्रीट राहतं. त्याच दारातून लेकरं ये-जा करतात! प्रत्येक नगावर रंगाने ‘वर’, लांबी आणि भरल्याची तारीख लिहा.

अजून एक. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसं गेली. भूकंपात भिंती एकत्र धरायला लिंटलच्या पातळीवर सलग पट्टा लागतो. सुटा नग ते काम करत नाही. इंजिनिअरने पट्टा सांगितला असेल तिथं स्पष्ट म्हणा, “इथं माझा माल चालणार नाही.” एक ऑर्डर जाईल, पण गवंड्याचा विश्वास बसेल.

या आठवड्याचं काम : तीन गवंड्यांना भेटा. कोणत्या मापाची दारं जास्त लागतात ते लिहून घ्या. त्या मापांच्या सळईचं ड्रॉइंग इंजिनिअरकडून करून घ्या. साचा त्यानंतरच विकत घ्या.