कफनीचा पांढरा

साईबाबांचे निर्वाण १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले. त्यांच्या हयातीतले फोटो मोजकेच, तेही कृष्णधवल. द्वारकामाई मशिदीच्या भिंतीला टेकून उभे असलेले बाबा, छत्रीखाली लेंडी बागेकडे निघालेले बाबा, अशा थोड्याशा फोटोंच्या आधारावर शिर्डीतल्या तसबिरींची परंपरा उभी राहिली. समाधी मंदिरात ७ ऑक्टोबर १९५४ रोजी बसवलेली बाळाजी वसंत तालीम यांची संगमरवरी मूर्तीही कृष्णधवल फोटो समोर ठेवूनच घडवलेली. आता हे जुने फोटो स्कॅन करून इंकजेटवर हव्या त्या आकारात छापता येतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत यंत्रे आणि शाई कुठल्या कुठे पोचली, पण कागद घेताना आपण अजूनही शुभ्रता आणि चकाकीच बघतो. निदान या फोटोंसाठी तरी ती कसोटी चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे.

असे का, ते इंकजेटच्या इतिहासातून कळते. १९९१ मध्ये गायक ग्रॅहम नॅश यांनी कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छपाईचा स्टुडिओ सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडचे आयरिस हे इंकजेट यंत्र मुळात छापखान्यातली प्रूफे काढण्यासाठी बनवलेले होते. जाड सुती कागदावर त्याचे प्रिंट देखणे येत, पण सुरुवातीच्या शाया फार टिकत नसत. २००० साली एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर बाजारात आले आणि चकचकीत कागदावरचे त्यांचे फोटो काही ठिकाणी बघता बघता नारिंगी पडू लागले. शाई चटकन सुकावी म्हणून त्या कागदाच्या लेपात अतिसूक्ष्म छिद्रे ठेवलेली होती. त्यांतूनच हवेतला ओझोन रंगापर्यंत पोचत होता. तीच शाई वेगळ्या लेपाच्या कागदावर पुष्कळ बरी टिकली. मला हा पुरावा फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रिंटचे आयुष्य शाई आणि कागद या जोडीवर ठरते हे त्यातून उघड झाले. पुढे रंगकणांची पिगमेंट शाई रुळली, एप्सनच्या २००२ च्या अल्ट्राक्रोम शाईनंतर रंग उडण्याची धास्ती बरीच ओसरली आणि निवडीचा सगळा भार कागदावर आला.

फोटोच्या इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. बाबांची कफनी आणि डोक्याला गुंडाळलेले फडके जिथे सर्वांत उजळ आहे, तिथे शाईचा थेंबही पडत नाही. आपल्याला दिसतो तो उघडा कागद. त्याच्या लगत कफनीच्या घड्यांमध्ये अगदी फिकट करड्या छटा असतात आणि जाडेभरडे कापड जाणवते ते त्या छटांमुळे. अतिशुभ्र कागदात ब्राइटनर घातलेले असतात. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून दिवसाच्या उजेडात कागद झळाळतो. देवघरातल्या समईच्या किंवा साध्या एलईडी दिव्याच्या उजेडात असे किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे ज्या शुभ्रतेसाठी पैसे मोजले ती तिथे दिसतच नाही. शिवाय उजेडात राहून ब्राइटनर हळूहळू निकामी होतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. शाई शाबूत, पण कफनीचा पांढरा बदललेला. ब्राइटनर नसलेल्या सुती कागदाचा पांढरा पहिल्या दिवसापासून किंचित उबदार असतो आणि बराच काळ तसाच राहतो.

यावर कोणी म्हणेल, भक्तांना चमक आवडते. खरेच आहे, आणि त्या आवडीला इतिहास आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफांनी देवांच्या झगझगीत तसबिरी घरोघर नेल्या. चित्रकाराने रंगवलेल्या प्रतिमेला ती चकाकी शोभते, आणि यात्रेकरूने आर्ट पेपरवरची स्वस्त ऑफसेट तसबीर घरी नेली तर त्यात काहीच गैर नाही. महागडा कागद प्रत्येकाने घ्यावा असे माझे म्हणणे नाही. पण जुना फोटो हा दस्तऐवज आहे. संग्रहासाठी, प्रदर्शनासाठी किंवा पुढच्या पिढीसाठी तो छापताना हिशेब वेगळा असतो. आणि काचेची फ्रेम घातली की चमक तर काचच देते. बिनचकाकीच्या, म्हणजे मॅट सुती कागदाला ती काच हवीच, कारण त्याचा पृष्ठभाग नाजूक असतो आणि उदबत्तीचा धूर, तेलकट बोटे त्याला सोसत नाहीत. काच प्रिंटला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट घालावा.

मग आपलाच हातकागद का नको, असेही विचारले जाते. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आहे, दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याची परंपरा तर कित्येक शतकांची. सुती लगद्याचा तो कागद टिकाऊ असतो, मलाही तो मनापासून आवडतो. पण त्यावर शाई धरून ठेवणारा लेप नसला की थेंब तंतूंत पसरतो, काळा करडा होतो आणि कफनीच्या घड्या पुसट होतात. असा लेप दिलेला सुती कागद आपल्याकडे तयार होऊ लागला, तर मी आधी तोच सुचवेन.

सर्वांत वजनदार आक्षेप काळ्या रंगाचा आहे. मॅट सुती कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या बरायटा कागदावर ती २.२ च्याही पुढे. हा फरक डोळ्यांना सहज दिसतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून लेंडीच्या वाटेवरच्या फोटोला, जिथे माणसांची दाटी आणि छत्रीखालची गडद सावली आहे, ब्राइटनर नसलेला बरायटा द्यावा. भिंतीशी उभ्या बाबांच्या फोटोत उजळ छटाच अधिक महत्त्वाच्या आहेत. त्याला ३०० जीएसएमच्या आसपासचा मॅट सुती कागदच हवा.