मीठ विरघळते, मीठ पिकते

पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. मीठ दिसेनासे होते. पण पाण्याची चव घेतलीत तर ते कुठे गेले हे लगेच कळेल!

मिठाच्या खड्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, तर दुसरी किंचित ऋण असते. असे अनेक रेणू खड्याच्या पृष्ठभागावरील आयनांना घेरून ओढून नेतात. हेच विरघळणे. येथे पाणी द्रावक, मीठ द्राव्य आणि दोन्ही मिळून झाले ते द्रावण.

मीठ टाकतच राहिलात तर मात्र ते तळाशी साचू लागते. 25 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅमच मीठ मावते. अशा द्रावणाला संपृक्त म्हणतात. तळाच्या मिठातून आयन सुटतच असतात. पण तितकेच परत येऊन बसतात. पाणी उकळते असले तरी हा आकडा 39 च्या आसपासच जातो. साखरेचे तसे नाही. पाक कसा होतो, ते आईला विचारा!

आता मीठ न वाढवता पाणीच कमी केले तर? भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे याच युक्तीवर चालत आली. शहर वाढले तशी ती आकसली. तरी आगगाडीतून पांढरे ढीग पाहिलेली माणसे तुम्हाला पुष्कळ भेटतील.

भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत घेतात. एक किलो समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी साधे मीठ 27 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ऊन-वाऱ्याने जवळजवळ नऊ-दशांश पाणी उडाले, की मग मिठाचे स्फटिक धरू लागतात. त्याआधीच जिप्सम खाली बसते. मॅग्नेशियमचे क्षार फार विद्राव्य, म्हणून ते शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते कडू असतात. त्यामुळे उरलेले पाणी पार आटू न देता वेळीच काढून टाकावे लागते. पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटते, तेही मुख्यतः त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. ते हवेतली ओल ओढून घेते.

आणि अवकाळी पाऊस आला तर? वाफ्यात तुमच्या पेल्यातलाच प्रयोग सुरू होतो. पिकलेले मीठ विरघळते, आणि मिठागरावरच्या माणसांना पुन्हा उन्हाची वाट पाहावी लागते.