मागून बसलेली गाडी

बोपोडीकडून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी लागते. मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाकाठचे हे गाव कुणी लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे ओळखते, तर कुणी एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेमुळे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या : दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा. आत नुसती चॅसी जायची आणि बाहेर सजलेली लाल गाडी यायची. या कामावर दापोडीतली कितीतरी घरे उभी राहिली, मुले शिकली, मुलींची लग्ने झाली.

आमचे मामा त्याच कार्यशाळेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पद्मिनी घेतली. लोक हसले. "आता ही कोण वापरतं?" मामा म्हणाले, "हिला मी उघडू शकतो. नव्या गाडीचं बॉनेट उघडून मी काय नमस्कार करू?"

या लेखाचा विषय तीच गाडी आहे. खरे म्हणजे, त्या गाडीचा मागचा भाग.

कार्ल्याहून परतताना

एका रविवारी आम्ही पाच जण कार्ल्याची लेणी पाहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने परतत होतो. अंधार पडला होता. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे उघडझाप करीत होता. मामा म्हणत होते, "अरे, दिवे खालीच आहेत माझे!" तेवढ्यात समोरून एक मोटारसायकल आली. नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल. आमच्या दिव्यांनी त्या माणसाचे डोळे दिपले आणि त्याची गाडी डांबर सोडून कडेच्या मातीत उतरून आडवी झाली. मामा धावत गेले. मुलाला उचलले. सुदैवाने खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. तो माणूस एवढेच म्हणाला, "काका, काहीच दिसलं नाही हो."

घरी येईपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. दिवे खाली होते हे खरे. पण गाडीच मागून बसली होती, म्हणून तिने नाक वर केले होते आणि नाकाबरोबर दिवेही वर गेले होते.

मागचा भाग का बसतो?

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होत असे. तिच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना पाटे असतात, ट्रकला असतात तसे. लांब-आखूड पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून मधोमध बोल्टने जखडलेल्या. प्रत्येक पट्टीला कमान दिलेली असते. वजन पडले की कमान सपाट होते, वजन उतरले की पुन्हा वर येते.

वर्षानुवर्षे ओझे सोसून पोलाद थकते आणि कमान पूर्वीएवढी परत येत नाही. पट्ट्यांमध्ये गंज शिरतो. टोकांचे रबरी बुश झिजतात. कधी एखादी पट्टी आतल्या आत तडकते आणि वरून कळतही नाही. मग लोक म्हणतात, "पाटे बसले."

आता थोडा हिशोब पाहू. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.३४ मीटर आहे. मागची बाजू फक्त ४ सेंटिमीटर खाली गेली की गाडी जवळजवळ एक अंशाने कलते. एक अंश म्हणजे काय मोठे? पण दिव्याचा झोत ५० मीटर अंतरावर जवळजवळ ८७ सेंटिमीटर वर चढतो. रस्त्यावर पडायचा उजेड थेट माणसाच्या तोंडावर पडतो. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असेल तर त्याहून जास्त.

स्वस्तातला उपाय

माझा धाकटा भाऊ दहावीला गणितात गेला आणि एका गॅरेजवर हेल्पर म्हणून लागला. तिथे त्याला नावाने कुणी हाक मारीत नसे. 'ए पोऱ्या, पाना दे', एवढीच ओळख. मामांनी गाडी तिथेच दिली. गॅरेजवाल्याने तासाभरात काम उरकले. एका जुन्या ट्रकच्या पाट्यातली पट्टी कापून दोन्हीकडे जादा घातली. गाडी टुणकन वर आली. सगळे खूश.

दोन दिवसांत मामांच्या लक्षात आले की गाडी आता उलटी झुकली आहे. मागून उंच, पुढून खाली. स्टिअरिंग हलके लागत होते आणि गाडी सरळ रेषेत राहत नव्हती. याचे कारण असे, की पुढच्या चाकांची खुंटी मुळात थोडी मागे कललेली असते. त्या कलामुळेच चाक आपोआप सरळ येते. मागचा भाग फार उंचावला की तो कल कमी होतो. शिवाय मागची चाके खड्ड्यावर उशी घेण्याऐवजी उडत होती. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की शेपटी हलायची.

असे का झाले? पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठरपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. ट्रकची पट्टी ट्रकच्या वजनासाठी असते. उंची वाढवायची होती, त्यांनी ताठरपणा वाढवला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मापे आणि वही

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मामांनी भावाला बोलावले. म्हणाले, "वही आण. आधी लिहायचं, मग पान्याला हात लावायचा."

मामांच्या हत्यारपेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने गाडी घेतली तेव्हाची मापे रंगाने लिहिलेली होती. तेव्हा पाटे नवे घातलेले होते. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर, चारही चाकांचे. पट्टी घालण्यापूर्वी भावाने घेतलेली मापेही होती : डावी बाजू साडेचार सेंटिमीटर खाली, उजवी साडेतीन. डावी-उजवीत एक सेंटिमीटरचा फरक. त्यावरून मामांनी ओळखले की डाव्या पाट्यात काहीतरी मोडले आहे.

माप घेण्याचीही रीत आहे. जमीन सपाट हवी. टायरमधली हवा बरोबर हवी. गाडीत माणूस नको, सामान नको. मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडायचा, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. मगच टेप लावायचा.

नंतर पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी उचलली आणि चॅसीखाली दोन लोखंडी घोड्या लावल्या. मामा इथे फार कडक. "जॅक उचलायसाठी असतो, धरून ठेवायसाठी नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जो जातो त्याला मी कारागीर म्हणत नाही."

पाटे उतरवून सुटे केले, तारेच्या ब्रशने घासले. डाव्या बाजूची दुसरी पट्टी मधल्या भोकाजवळ तडकलेली निघाली. ती बदलली. बाकीच्या पट्ट्या पाटेवाल्याकडे नेऊन थंड अवस्थेतच ठोकून कमान काढून घेतली. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवणे सोपे असते, पण त्याने पोलादाचे पाणी उतरते. असा पाटा चार महिन्यांत पुन्हा बसतो किंवा ऐन वेळी तुटतो. दोन्ही पाटे जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवून, दोरी ताणून त्यांची कमान सारखी आहे का ते पाहिले. बुश नवे घातले. बुशचे बोल्ट मात्र सैलच ठेवले आणि गाडी चाकांवर उतरल्यावर, तिचे वजन पाट्यांवर पडल्यावर आवळले. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

भावाने पुन्हा मापे घेतली. डावी-उजवीत ३ मिलिमीटरचा फरक उरला. पंधरा दिवस गाडी चालवून पुन्हा मापे घेतली, कारण नव्याने कमान दिलेला पाटा सुरुवातीला थोडा बसतोच. सगळ्यात शेवटी दिवे लावून भिंतीवर झोत पाहिला आणि स्क्रू फिरवून खाली घेतला.

पाटा नसेल तर?

एके दिवशी भावाने विचारले, "मामा, जुन्या स्पोर्ट्स कारला पाटाच नसतो म्हणे. मग ती बसली तर काय करायचं?"

प्रश्न चांगला होता. आज चाकणला ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आहे, तिची जुनी बीटल आणि त्याच घराण्यातली १९६४ ची पोर्श ९११ ही स्पोर्ट्स कार, दोघींच्या मागे पाट्याऐवजी पोलादाचा एक सरळ दांडा असतो. तो आडवा असतो. आतले टोक गाडीला जखडलेले, बाहेरचे टोक चाकाच्या भुजेला. खड्डा आला की भुजा वर जाते आणि दांडा पिळला जातो. पिळ सुटला की चाक खाली येते. ओले धोतर दोघांनी पिळावे तसा प्रकार! पोर्श ९११ ने हा दांडा १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत सांभाळला.

मी एका जुन्या दुरुस्ती-पुस्तिकेतून आकडे काढून दिले. दांड्याच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. भाऊ वही घेऊन बसला. पूर्ण फेरी ३६० अंश. चाळीसने भागले तर एक दाता ९ अंशांचा. चव्वेचाळीसने भागले तर ८.१८ अंशांचा. एवढ्या मोठ्या टप्प्याने उंची बदलली तर गाडी एकदम आकाशाला भिडेल. मग?

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आतून एक दाता पुढं आणि बाहेरून एक दाता मागं घेतला तर?"

नऊ वजा ८.१८. उरले ०.८२ अंश. भुजा ४० सेंटिमीटर लांब धरली तर चाकाशी साडेपाच-सहा मिलिमीटर. म्हणजे दोन मोठे टप्पे एकमेकांतून वजा करून एक बारीक टप्पा मिळतो. मामा उठले आणि पेटीतून आपला व्हर्नियर कॅलिपर काढून त्याच्या हातात दिला. "हेच यात आहे बघ. दोन पट्ट्या, दोन मापं, आणि मधला फरक."

गणितात नापास झालेल्या मुलाने ते उत्तर स्वतः शोधले होते. शाळेत अपूर्णांक त्याला कधी कळले नव्हते, कारण ते कशाचे आहेत हे त्याला कुणी दाखवले नव्हते.

वाचकांसाठी

वाचकहो, आता शिवनेरीसारख्या गाड्यांत पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या असतात. माणसे चढली की झडप उघडते, हवा भरते आणि उंची आपोआप पूर्ववत होते. पण आपल्या वस्तीत टेम्पो, रिक्षा, जुन्या मोटारी यांवर पोट असणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी थोडे सांगणे :

गाडी चांगल्या स्थितीत असताना चारही चाकांची उंची मोजून लिहून ठेवा. समोरचे लोक वारंवार दिवे उघडझाप करीत असतील तर त्यांना शिव्या देण्याआधी आपला मागचा भाग पाहा. पाटा एका बाजूचा मोडला तरी दोन्ही बाजू उतरवून तपासा. रबराचे गोळे, जादा पट्टी असली जोडकामे टाळा. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चीही मनाई आहे. आणि ओझे मर्यादेत ठेवा. थकलेल्या पाट्याला दुसरे औषध नाही.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मामांची अजून दापोडीत उभी आहे, चारही पायांवर सारखी. भाऊ आता रात्रीच्या वर्गाला जातो, दहावीचे गणित पुन्हा देणार आहे. गॅरेजवर मालक त्याला अजून कधीकधी 'पोऱ्या' म्हणतो. पण परवा एका टेम्पोचे पाटे उतरवायचे होते, तेव्हा मालकानेच विचारले, "अरे, ती तुझी वही कुठंय?"