लाव्हाच्या दोन थरांमधली गोगलगाय

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तो कातळ एकेकाळी वाहत आलेला लाव्हा आहे. या काळ्या दगडाचे वय नेमके कळायला शंभरावर वर्षे लागली, आणि त्या शोधातले एक मोठे पान नागपुरात लिहिले गेले.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. १८५१ च्या सुमारास त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना तेव्हा गावाबाहेर असलेल्या टाकळीजवळ गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म दिसले. तो गाळाचा थर लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला होता. म्हणजे आधीचा लाव्हा निवला, त्यावर तळी साचली, पाण्यात जीव आले, काठावर झाडे वाढली आणि मग पुन्हा लाव्हा येऊन सारे झाकले गेले. उद्रेक सलग नव्हता. मध्ये विसावे होते आणि त्या विसाव्यांत जग नांदत होते.

टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. अभ्यास मात्र चालू राहिला. हिस्लॉप यांनी शंखांवरून आणि पुढे १९३० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी वनस्पतींच्या जीवाश्मांवरून हा दगड डायनासोरांनंतरचा ठरवला होता. १९८६ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ व्हँसाँ कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी दगडातले चुंबकत्व, जीवाश्म आणि किरणोत्सारी कालमापन यांची सांगड घालून तो डायनासोरांच्या अंतकाळाशी नेऊन जोडला. २०१९ मधल्या अधिक काटेकोर मापनांनी ते पक्के केले: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, जेमतेम दहा लाख वर्षांत बहुतेक लाव्हा बाहेर पडला.

तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. नागपूरला येईतो थर पातळ होतात आणि शहराच्या पूर्वेला त्यांच्याहून कितीतरी जुना नाईस खडक उघडा पडतो. दख्खनच्या लाव्हाथरांची पूर्वेकडची कड आपल्याच शहरातून जाते.

टाकळी आता शहराच्या पोटात गेली आहे. टेकड्यांच्या उतारांवरही बांधकामे चढत आहेत. एकदा सिमेंटखाली गेलेला थर पुन्हा वाचता येत नाही. म्हणून उरलेल्या एखाद्या टेकडीचा एक तरी कापलेला उतार उघडा राखावा, तिथे मराठीत फलक लावावा आणि शाळकरी मुलांना तो हात लावून पाहू द्यावा.